चिकटपट्टी काढणारी सिस्टरअक्का

"मंद्रूपचा का तू? मग तुमचा बाजार आता कुटं भरतोय? गावात का गावाभाईर?"

मी सरकारी दवाखान्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन पडलो होतो, आणि माझ्या पोटावरची पट्टी काढायला आलेल्या सिस्टर मला हे विचारत होत्या. मंद्रूपच्या माणसाला बाजाराचं विचारल्यावर तो गप्प बसणं शक्यच नाही. भाजीवाले कुठं बसतात, शेळ्या कुठं बांधतात, भज्यांचा गाडा कुणाचा चांगला, असं सगळं मी तब्येतीनं सांगायला लागलो. गाड्यावरच्या मिरच्यांपर्यंत आलो असेन, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "झालं. शर्ट खाली घे." पट्टी ट्रेमध्ये पडली होती आणि माझ्या पोटाला पत्ताच नव्हता. त्याच दिवशी शेजारच्या कॉटवरच्या गृहस्थांची पट्टी त्यांच्या मेव्हण्यानं मदत म्हणून एका झटक्यात ओढली. त्यांची आरोळी बाहेर पार्किंगपर्यंत गेली. सिस्टरनी त्या मेव्हण्याला असा झापला, की दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन दुसराच कोणीतरी यायला लागला.

त्या महानंदा सिस्टर. पुढं बऱ्याच वर्षांनी निवृत्त होऊन त्या आमच्याच गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आल्या. मी हौसेनं ओळख काढायला गेलो. म्हटलं, "सिस्टर, मला ओळखलं का? माझ्या ऑपरेशनची पट्टी तुम्हीच काढली होती." त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड ध्येनात न्हाई. पोट दाखव." हे माझ्या बायकोसमोर! बायको हसून हसून बेजार झाली, आणि त्या दिवसापासून ती कायमची त्यांच्या पार्टीत गेली.

गल्लीनं त्यांना 'सिस्टरअक्का' करून टाकलं. मूळ गाव मैंदर्गी. बोलणं मराठीत, राग आणि देवपूजा कानडीत. उंच, सडपातळ बाई. कपाळाला विभूती, मनगटावर घड्याळ, पण त्याचं तोंड आतल्या बाजूला, आणि पर्समध्ये कायम कापसाची गुंडाळी. लग्न केलं नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी एकदा आडून आडून विचारलंच. अक्का म्हणाल्या, "बगायला आलेला परतेक जण इंजेक्शनला भ्यायचा. तसलं घिऊन काय करायचं?" विषय तिथंच संपला.

आता त्यांच्या वेडाबद्दल. दवाखाना सुटला तरी चिकटपट्टी काढायची त्यांची सवय काही सुटली नाही. नव्या पातेल्यावरचं लेबल, फ्रिजवर पोरांनी चिकटवलेली चित्रं, आहेराच्या कागदावरची सेलोटेप, काहीही. गल्लीत लग्न ठरलं की नवरीची स्टीलची भांडी आधी अक्कांच्या ओट्यावर यायची. कोणी नखानं लेबल खरवडताना दिसलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. "ओढू नको ग, समजूत काढ तेची!" असं त्या ओरडायच्या. लेबलाची समजूत! पण तुम्ही वस्तू घेऊन गेलात की पहिला प्रश्न ठरलेला, "कधीचं हाय हे?" जखमेबद्दल विचारतात तसा. मग वस्तू उलटी करून, जिथं कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात आधी करून बघायच्या. तिथं काही बिघडलं नाही तरच पुढं. पट्टीच्या कडेला खोबरेल तेलाचं बोट, मग थांबायचं, मग कड उचलायची आणि पट्टी वर न ओढता तिच्याच अंगावर उलटी वळवत न्यायची. दुसऱ्या हाताचं बोट खाली दाबून धरलेलं. तोंडानं एकच चाललेलं, "निधान, निधान." कानडीत सावकाश म्हणजे निधान. आणि तोवर तुम्ही चहा घ्यायचा, घाई करायची नाही. घाई केलीत तर वस्तू तशीच हातात ठेवायच्या आणि दार दाखवायच्या.

माझी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात. म्हणजे दिवसभर खोक्यांना टेप मारायची आणि दुसऱ्यांकडून मारून घ्यायची. अक्कांच्या लेखी ही नोकरी म्हणजे जवळजवळ गुन्हाच होता. "दत्ता, तू ते चिकटवतोस तवा म्होरं कुणीतरी ते काडणार हाय, हे मनात येतंय का कधी?" मी म्हणायचो, "अक्का, खोकं फाडायसाठीच असतंय की." त्यावर त्या माझ्याकडं अशा बघायच्या, की ते खोकं मीच.

सगळं त्यांना जमायचंच असंही नाही, आणि हे मी मुद्दाम सांगणार. आमच्या लग्नाच्या फोटोच्या फ्रेमला मागून जुनी पट्टी होती, ती फाटायला आली म्हणून बायकोनं फोटो अक्कांकडं नेला. अक्कांनी नेहमीसारखं तेल लावलं. तेल पट्टीखालून कागदात शिरलं आणि फोटोत बरोबर माझ्या तोंडावर येऊन थांबलं. बायको शाबूत. आज आमच्या भिंतीवर माझी बायको एका तेलकट डागाला हार घालते आहे. अक्कांनी चूक कबूल केली का? नाव नको. म्हणाल्या, "कागद हलका होता. आन तू असाबी कुटं लई देखना होतास?" बायको म्हणते फोटो सुधारला. मी दोघींशी दोन दिवस बोललो नाही, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अक्कांच्या घरात फर्निचर म्हणावं असं काही नव्हतं. लोखंडी कॉट, दोन खुर्च्या, आणि एक पाळणा. हा पाळणा मात्र बघण्यासारखा. सागवानी, पितळी कड्यांचा, जुन्या चपडीच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशनं काळसर मधासारखा दिसणारा, आणि दोन्ही टोकांच्या फळ्यांवर एक-एक हिरवा पोपट रंगवलेला. पोपट आम्ही आपले म्हणायचो. खरं तर त्याचं अंग कोंबडीचं आणि चोच कावळ्याची होती. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला अक्का तो पाळणा द्यायच्या. माझ्या नातवाचं नावही त्याच पाळण्यात ठेवलं. अटी दोनच. पाळण्यावर ओलं काही टाकायचं नाही, आणि काहीही चिकटवायचं नाही.

गेल्या मे महिन्यात अक्कांच्या भाच्याच्या, मल्लिनाथच्या मुलीचं बारसं मैंदर्गीला निघालं. मल्लिनाथ म्हणजे अक्कांच्या धाकट्या भावाचा, सिद्धारामचा मुलगा. पाळणा गोधड्यांत गुंडाळून टेम्पोनं पुढं गेला. आम्ही आणि अक्का बारशाच्या दिवशी पोचलो. जाऊन बघतो तर पाळणा कुठं दिसेचना. सजावटवाल्या पोरांनी त्याच्यावर फुग्यांची कमान, चमकी अक्षरं, प्लॅस्टिकची फुलं असं काय काय लावलं होतं, आणि सगळं दोन्हीकडून चिकटणाऱ्या टू-वे टेपनं थेट लाकडावर. माझ्या धंद्यातलीच टेप, मी लगेच ओळखली. दिसत होतं छान, खोटं का बोला. आम्ही फोटोसुद्धा काढले.

चार पाहुण्यांत, लेकराच्या बारशाला तमाशा नको, म्हणून अक्का ओठ आवळून बसल्या. निघताना फक्त सिद्धारामना बाजूला घेऊन म्हणाल्या, "तम्मा, त्ये कुणी काडायचं न्हाई. हाय तसा माज्याकडं पाठव." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. भाऊ साठी ओलांडलेले, आजोबा झालेले, मैंदर्गीत किराणा दुकान चालवणारे, पण अक्कांना तम्माच.

आता मल्लिनाथ हा मनानं फार चांगला माणूस. चांगल्या माणसांची मला भीती वाटते. आत्याला त्रास नको म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं एका बाजूच्या पट्ट्या टराटरा ओढून काढल्या. पट्टीबरोबर पॉलिश आलं आणि पॉलिशबरोबर पोपट आला. फळीवर नुसतं फिकं लाकूड राहिलं. मल्लिनाथ जो घाबरला, तो दुसऱ्या बाजूला हातच लावेना. मग त्याची आई पुढं सरसावली. सुवर्णावहिनींना एवढं माहीत होतं की अक्का तेलानं डिंक काढतात. त्यांनी घरातलं तेल घेतलं. आमच्याकडं घरातलं तेल म्हणजे करडईचं. ते त्यांनी दुसऱ्या फळीवर सढळ हातानं चोपडलं, आणि डिंक पातळ व्हावा म्हणून पाळणा माडीवर उन्हात ठेवून दिला. मैंदर्गीचं ऊन, मे महिना. चार दिवसांत करडईचं तेल वाळून स्वतःच डिंकासारखं चिकट झालं. म्हणजे पहिल्या चिकटावर दुसरा चिकटा, आणि त्यात माडीवरची धूळ.

असा तो पाळणा घेऊन सिद्धाराम, मल्लिनाथ आणि सुवर्णावहिनी टेम्पोनं आले, तेव्हा उतरवून घ्यायला मी होतो. अक्कांनी गोधडी बाजूला केली. आधी गेलेल्या पोपटाची फळी बघितली, हात फिरवला. मग दुसरी. तिथं पोपट पांढऱ्या पट्ट्यांच्या आणि त्या काळ्या चिकट्याच्या खाली होता; आहे की गेला, काही कळत नव्हतं. मला वाटलं आता कानडीचा पाऊस पडणार. अक्कांनी नुसती गोधडीची घडी घातली. तेव्हा मी खरा घाबरलो.

सिद्धाराम समजूत घालायला म्हणाले, "जाऊ दे की गं अक्का. पेंटरकडनं दुसरं पोपट काडून घिऊ. ह्येच्याहून झ्याक काडतोय."

"पेंटरनं काडलेले नव्हते ते," अक्का म्हणाल्या. "अव्वानं काडलेले होते. दोनी."

सिद्धारामच्या हातात टेम्पोची दोरी होती. ती तशीच धरून ते उभे राहिले. त्यांची अव्वा, म्हणजे आई, त्यांच्या वेळी बाळंत होऊन चार-सहा दिवसांत गेली होती, एवढं मलाही ऐकून माहीत होतं. अक्का तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. आईचा फोटो नाही. त्या काळी मैंदर्गीत कोण फोटो काढतंय? आणि पोराला वाईट वाटू नये म्हणून त्याच्यापुढं आईचा विषय काढायचा नाही, असा त्यांच्या घरात शिरस्ताच पडून गेला होता. तो त्यांच्या वडिलांनी पाळला, वडिलांच्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं पाळला, आणि अक्कांनी इतका पाळला की ज्या पाळण्यात ह्या माणसानं अंगठा चोखला, त्याच्यावरची चित्रं आईच्या हातची आहेत हेसुद्धा त्याला इतक्या वर्षांत कळलं नाही. तिच्या हातचं जगात तेवढंच होतं. त्यातलं अर्धं गेलं होतं आणि उरलेलं अर्धं त्या चिकट्याखाली होतं.

"सांगायचंस की मला," सिद्धाराम एवढंच म्हणाले.

कुणाचं वाईट वाटलं की मी मूर्खासारखं काहीतरी मदतीचं बोलतो. म्हटलं, "अक्का, आमच्या कारखान्यात थिनर असतं. मशीनवरचा डिंक आम्ही त्यानं एका फटक्यात काढतो. आणू का?"

अक्का माझ्याकडं वळल्या. "दत्ता, ह्येच्यावर चपडीचं पॉलिश हाय. चपडी स्पिरिटातच कालवत्यात. तुजं थिनर, दवाखान्यातलं सॅनिटायझर, त्यातलं कायबी लागलं की पॉलिश विरघळलं. आन पॉलिशच्या खाली अव्वा हाय. तितं तू फटका मारणार?"

मी घरी जाऊन बसलो. बायको म्हणाली, बरं झालं.

दुसऱ्या सकाळपासून काम सुरू झालं. सिद्धाराम दुकान मल्लिनाथवर सोपवून सुवर्णावहिनींसह बहिणीकडंच राहिले. मल्लिनाथ सकाळी लवकर मोटरसायकलवर येऊन बघून परत दुकानाला जायचा. काम फक्त सकाळी. दुपारच्या उन्हात चपडी मऊ पडते, तेव्हा तिला हातही लावायचा नाही. पाणी नाही, कारण पाण्यानं पॉलिश पांढरं पडतं. अक्कांनी आधी पाळण्याच्या खालच्या बाजूला, जिथं करडईचे ओघळ गेले होते तिथं, खोबरेल लावून बघितलं. पॉलिशला काही झालं नाही. मग फळीवर कापसाच्या बोळ्यानं तेल टेकवायचं, बसून राहायचं, मऊ झालेला चिकटा जुन्या मलमलीनं टिपून घ्यायचा, पुन्हा तेल. जिथं कापूस पुरेना तिथं माझ्या नातवाच्या कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या मोजपट्टीची कड, तीसुद्धा लाकडाच्या रेघांच्या दिशेनं. शेवटी ज्वारीचं पीठ भुरभुरवून तेल शोषून घ्यायचं आणि पुसायचं. रोज जेमतेम करंगळीएवढी जागा मोकळी व्हायची.

सुवर्णावहिनी पहिल्या दिवशी रडायला लागल्या. "माज्यामुळंच झालं ओ अक्का, मीच तेल लावले." अक्का म्हणाल्या, "करडई चटणीवर घ्यायची, सुवर्णा. लाकडावर न्हाई. आता रडणं बास कर, हितं डोळ्यातलं पाणी पडलं तर पांढरा डाग पडंल." असं म्हणून त्यांनी कापसाचा बोळा वहिनींच्या हातात दिला. नंतर निम्मं काम वहिनींनीच केलं, आणि चांगलं केलं. अक्कांनी तसं तोंडानं म्हटलं नाही, पण ओरडल्याही नाहीत.

चिकटा निघाल्यावर खऱ्या पट्ट्या राहिल्या, नेमक्या पोपटावरच्या. डिंक थोडा ऊब लागल्याशिवाय सुटत नव्हता, आणि हेअर ड्रायरचं नाव काढायची सोय नव्हती. अक्कांचं म्हणणं, माणसाच्या तळहाताची ऊब पुरते, वॉर्डात त्यांनी आयुष्यभर तेच केलं. पण आता वयामुळं त्यांचे हात गार पडायला लागले होते. त्यांनी सिद्धारामना पाळण्यापाशी जमिनीवर बसवलं आणि त्यांचा तळहात पट्टीवर ठेवला. "दाबू नको. नुसता ठेव." साठी ओलांडलेला तो किराणा दुकानदार रोज सकाळी मांडी घालून पाळण्यावर हात ठेवून बसायचा. मी कामाला जाताना दारातून बघायचो. दोघं कानडीत काहीतरी बोलत असायची. मला कानडी थोडीफार कळते, पण मी ऐकायला थांबायचो नाही. 'अव्वा' हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा यायचा, तो रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. मला खरंच बरं वाटायचं.

शेवटची पट्टी निघाली त्या सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको तिथं होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत सिद्धाराम अक्कांना पाळण्यासकट मैंदर्गीला घेऊन गेले, आता भिंतीपलीकडं शिकवणीचे वर्ग चालतात. अक्का म्हटलं की मला त्या दिसतात अशा: जमिनीवर बसलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, डाव्या हाताचं बोट फळीवर टेकलेलं, आणि उजव्या हातानं पट्टी तिच्याच अंगावर वळवत चाललेल्या. या वेळी तोंडानं 'निधान' नव्हतं. मधेच त्यांनी हात थांबवला, पदराला बोटं पुसली आणि पुन्हा सुरुवात केली.

आधी शेपूट दिसलं. हिरवं, पॉलिशसकट. मग पंख, मग गळ्यातली लाल रेघ, मग ती कावळ्याची चोच. सुवर्णावहिनींनी हात जोडले. मल्लिनाथ दाराशीच उभा होता, तो आत आला. पट्टी खाली, पोपटाच्या पायांपर्यंत आली आणि सुटली.

पोपटाला एकच पाय होता.

"अक्का," सिद्धारामचा आवाज फाटला, "एक पाय गेला की गं!"

मल्लिनाथनं पट्टी उचलून उजेडाकडं धरली. मीही वाकून बघितलं. पट्टीच्या मागं तेल होतं, डिंक होता. रंगाचा कणसुद्धा नव्हता.

अक्का ज्वारीच्या पिठानं फळी पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "गेला न्हाई, तम्मा. काडलाच न्हवता. पलीकडचा माज्या वेळचा. माज्या बारशाला काडलेला. ह्यो तुज्यासाठी काडाय बसली होती. रंगाची वाटी मी धरली होती. एक पाय झाला आन तिला कळा आल्या. मला म्हणाली, वाटी ठेव खाली, आत्याला हाक मार. वाटीतला रंग वाटीतच वाळला. सुतारानं वरनं तसंच पॉलिश मारलं."

मग त्या भावाकडं बघून म्हणाल्या, "दुसऱ्या पायाच्या टायमाला तू आलास."

सिद्धारामनी पोपटाखालच्या त्या मोकळ्या लाकडावर बोट टेकवलं आणि तिथंच ठेवलं.